बाणाची लांबी : अचूक माप आणि घरच्या घरी बनवलेला कापणी-साचा

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळे याने पुरुष गटाचे विजेतेपद मिळवले. त्याआधी २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सातारा जिल्ह्यातील सरडे गावच्या मजूर कुटुंबातील प्रवीण जाधव भारतीय संघातून खेळला. या यशामुळे आपल्या वस्त्यांतील मुलामुलींचे लक्ष या खेळाकडे वळले आहे, ही समाधानाची बाब होय.

परंतु मैदानावर गेल्यावर पहिली अडचण उभी राहते ती साहित्याची. धनुष्य संस्थेचे किंवा क्रीडा केंद्राचे मिळू शकते, बाण मात्र ज्याचे त्यालाच लागतात. कारण बाणाची लांबी खेळाडूच्या हाताच्या मापावर ठरते. दुकानातून येणारा दांडा बहुधा पूर्ण लांबीचा असतो, आणि तो मापात कापून देणारे यंत्र मोठ्या शहरातील मोजक्या दुकानांत किंवा प्रबोधिनीत असते. मग काही पालक कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बाण कापून आणतात. तेथे लोखंडी पाइपाच्या हिशेबाने काम होते. बाण वाकडा कापला जातो, चिरतो, कधी फार आखूड होतो. बारा बाणांच्या एका संचासाठी ज्या घराला महिन्याच्या खर्चाला कात्री लावावी लागते, त्या घराचे हे नुकसान लहान नव्हे. आणि आखूड किंवा चिरलेला बाण खेळाडूच्या हातात घुसू शकतो, हा धोका तर पैशांहून मोठा आहे.

आपल्या सभासदांपैकी कितीतरी जण रेल्वेच्या वर्कशॉपात, आयुध निर्माणीत, आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, सुतार म्हणून हात कसवून बसलेले आहेत. त्यांना हे काम अवघड नाही. या लेखात आम्ही बाणाचे माप कसे घ्यावे, कापणीचा साचा घरी कसा बनवावा आणि बाण कसा कापावा हे क्रमाने सांगत आहोत. विद्यार्थ्यांनी मापाचा आणि तपासणीचा भाग शिकावा. विजेवर चालणाऱ्या यंत्राचा भाग मात्र जाणत्या प्रौढ कारागिरानेच हाताळावा.

लांबी म्हणजे नेमके काय?

बाणाच्या मागच्या टोकाला प्लॅस्टिकची खाच असते, तिला नॉक म्हणतात. धनुष्याची दोरी या खाचेत बसते. बाणाची लांबी मोजायची ती या खाचेच्या तळापासून दांड्याच्या पुढच्या कापलेल्या कडेपर्यंत. पुढे बसवलेले धातूचे टोक, म्हणजे पॉइंट, या मापात धरत नाहीत. दुकानदार, प्रशिक्षक आणि आपण एकच माप बोलत आहोत की नाही, याची खात्री आधी करून घ्यावी.

नवख्यासाठी अंदाजाची एक रीत आहे. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्याला अडीचने भागावे. हे अंतर १६५ सें.मी. असेल तर उत्तर ६६ सें.मी., म्हणजे सुमारे २६ इंच येते. ही खेळाडूची अंदाजे ओढ झाली. धनुष्य निवडण्यास एवढे पुरते, बाण कापण्यास पुरत नाही.

कापण्यासाठी प्रत्यक्ष माप घ्यावे. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हलके धनुष्य आणि पूर्ण लांबीचा, टोक बसवलेला बाण घ्यावा. खेळाडूने निशाणाकडे तोंड करून आपल्या नेहमीच्या ठेवणीत दोरी पूर्ण ओढावी. बाण धनुष्यावरील टेकूवर, म्हणजे रेस्टवर, जेथे टेकतो तेथे सहकाऱ्याने बाजूला उभे राहून पेनाने खूण करावी. समोर कोणीही उभे राहू नये. खूण झाल्यावर दोरी सावकाश परत आणावी. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये, त्याने धनुष्य तुटते. हे माप तीनदा घ्यावे. नवखा खेळाडू पहिल्या वेळी कमी ओढतो आणि अंग मोकळे झाल्यावर अधिक ओढतो, म्हणून तिन्हींतले मोठे माप धरावे.

समजा, खाचेच्या तळापासून खुणेपर्यंत २४.५ इंच भरले. बाण टेकूच्या पुढे किमान १ इंच राहिलाच पाहिजे. ही सुरक्षिततेची मर्यादा आहे. नवख्या आणि वाढत्या वयाच्या खेळाडूसाठी २ इंच किंवा अधिक ठेवावे. आपल्या उदाहरणात २४.५ अधिक २ म्हणजे २६.५ इंच, अर्थात ६७३ मि.मी. झाले. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे हात वर्षभरात वाढतात. त्याचा बाण आज घट्ट मापात कापला तर पुढच्या वर्षी तो टेकूवरून मागे निसटून थेट धनुष्य धरलेल्या हातावर येईल. आणि कापलेला बाण पुन्हा लांब करता येत नाही.

लांबी बदलली की बाणाचा ताठपणा बदलतो

बाण सुटताना दोरीच्या धक्क्याने क्षणभर वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून पुढे जातो. किती वाकावे हे दांड्याच्या ताठपणावर ठरते. या ताठपणाला स्पाईन म्हणतात. दांडा २८ इंच अंतरावरील दोन टेकूंवर ठेवून मध्यभागी सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगतात. तो अर्धा इंच खाली वाकला तर त्याला ५०० स्पाईनचा बाण म्हणतात. आकडा जितका लहान तितका बाण ताठ.

विद्यार्थ्यांनी येथे पदार्थविज्ञानाचा एक नियम आठवावा. दोन टेकूंवरील दांडीचा बाक टेकूंमधील अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अंतर २८ इंचांवरून २७ इंच केले तर त्याच भाराखाली बाक जवळजवळ १० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे एक इंच कापणे दिसायला थोडे असले, तरी बाणाच्या वागणुकीत तो मोठा बदल आहे. सबब लांबी आणि स्पाईन यांचा विचार एकत्रच करावा, आणि दांडा विकत घेण्यापूर्वी करावा.

साधन कोणते वापरावे?

बाण तीन प्रकारचे असतात: लाकूड किंवा बांबूचे, अॅल्युमिनियमचे आणि कार्बनचे. लाकूड-बांबूला बारीक दात्यांची करवत चालते. अॅल्युमिनियमच्या नळीला प्लंबरचा पाइप कटर लावला तर कड आत दबते आणि पुढे टोकाचा भाग बसत नाही. कार्बनचा दांडा हॅकसॉने कापला तर त्याचे तंतू फाटतात, चीर आत धावते आणि वरून दिसतही नाही. म्हणून या दोन्हींना वेगाने फिरणारी घर्षणाची पातळ चकती, म्हणजे कटिंग व्हील, हेच साधन योग्य होय.

कित्येक जण ड्रिल मशीनला लहान चकती लावून पाहतात. ते का जमत नाही, याचा हिशेब करू. ३८ मि.मी. व्यासाची चकती मिनिटाला २,८०० फेऱ्यांनी फिरली तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण साडेपाच मीटर येतो. तीच चकती २५,००० फेऱ्यांच्या मिनी ग्राइंडरवर लावली तर वेग ५० मीटरच्या आसपास जातो. चार इंची अँगल ग्राइंडर ११,००० फेऱ्यांनी फिरतो, त्याच्या १०० मि.मी. चकतीच्या कडेला सुमारे ५७ मीटर वेग मिळतो. कमी वेगाची चकती तंतू कापत नाही, ओढते. चकती १ मि.मी. किंवा त्याहून पातळ घ्यावी, आणि तिच्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांहून जास्त आहे हे वाचून पाहावे.

साच्याची बांधणी

लागणारे सामान असे: १८ मि.मी. जाडीच्या प्लायवूडची सुमारे ११० सें.मी. लांब आणि ३० सें.मी. रुंद फळी, एक इंची अॅल्युमिनियम अँगलचा ९५ सें.मी. तुकडा, दाराच्या दोन मजबूत बिजागऱ्या, ग्राइंडर बसवण्यासाठी दुसरी लहान फळी, एक स्प्रिंग, स्टीलची पट्टी, एक लाकडी ठोकळा, सी-क्लॅम्प आणि स्क्रू. अँगल भंगाराच्या दुकानातही मिळतो, फक्त तो सरळ असावा.

(१) अँगलचा कोपरा खाली येईल अशा रीतीने तो लाकडी ठोकळ्यांवर उताणा बसवावा. त्याची आपोआप इंग्रजी व्ही अक्षरासारखी पन्हळ तयार होते. बाण तिच्यात ठेवला की तो नेहमी एकाच रेषेत राहतो, मग त्याची जाडी कितीही असो.

(२) अँगल अखंड असतानाच पक्का करावा. त्यानंतर एका टोकापासून सुमारे १५ सें.मी. अंतरावर हॅकसॉने त्याचा १ सें.मी. तुकडा कापून काढावा. चकती उतरण्याची ही जागा. आधी दोन तुकडे करून मग बसवले तर ते एका रेषेत येत नाहीत. अखंड बसवून मग कापल्यास रेष बिघडत नाही.

(३) ग्राइंडर लहान फळीवर घट्ट बसवावा. बाजूच्या मुठीसाठी यंत्राला आट्यांचे छिद्र असते, त्यात बोल्ट घेऊन शिवाय एक लोखंडी पट्टा आवळावा. चकतीवरील संरक्षक कवच काढू नये. ही फळी बिजागऱ्यांवर बसवायची, म्हणजे ग्राइंडर वरून खाली उतरेल. बिजागऱ्यांचा आस बाणाच्या अगदी समांतर हवा. तो तिरका राहिला तर चकती बाजूने घासेल आणि फुटेल. दोन्ही बिजागऱ्या एकमेकींपासून दूर लावाव्यात, म्हणजे फळी डुलणार नाही. स्प्रिंग अशी लावावी की हात सोडताच ग्राइंडर वर उचलला जाईल.

(४) चकती आणि पन्हळ यांच्यात काटकोन आहे की नाही, हे यंत्राची पिन काढून गुण्याने तपासावे. साच्याचा सगळा प्राण या काटकोनात आहे.

(५) खालच्या फळीत एक लांब स्क्रू उभा लावावा. ग्राइंडर उतरताना या स्क्रूवर टेकेल आणि चकती बाणाच्या भिंतीएवढीच आत जाईल. स्क्रू फिरवून खोली कमी-जास्त करता येते.

(६) पन्हळीच्या लांब बाजूला स्टीलची पट्टी चिकटवावी आणि अडसर म्हणून लाकडी ठोकळा सी-क्लॅम्पने धरावा. ठोकळ्याच्या तोंडावर पत्र्याचा तुकडा ठोकावा, नाहीतर बाणाचे टोक लाकडात रुतून माप बदलत जाते.

अडसराचे माप

येथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून सावकाश पाहू. बाणाची लांबी नॉकच्या खाचेपासून मोजतात, पण कापताना नॉक काढून ठेवणे चांगले, कारण दांडा अडसराला टेकवून गोल फिरवायचा असतो. एका बाणाला नॉक बसवून खाचेचा तळ दांड्याच्या कडेपासून किती बाहेर येतो ते व्हर्निअर कॅलिपरने मोजावे. समजा १४ मि.मी. आले. आपल्याला हवे ६७३. त्यातून १४ वजा केले की ६५९ मि.मी. राहिले. अडसराच्या पत्र्यापासून चकतीच्या अलीकडच्या बाजूपर्यंत हे अंतर ठेवावे. चकतीची १ मि.मी. जाडी टाकाऊ तुकड्यात गेली पाहिजे. पलीकडच्या बाजूपासून मोजल्यास प्रत्येक बाण १ मि.मी. आखूड होईल.

पिसे शक्यतो कापणीनंतर लावावीत. ती आधीच लावलेली असतील तर पन्हळीत तेवढ्या भागाला मोकळी जागा ठेवावी, म्हणजे दांडा फिरताना ती दुमडणार नाहीत.

कापणी

पहिली कापणी मोडक्या बाणाच्या तुकड्यावर करावी. कापायच्या जागी कागदी चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. दांडा पन्हळीत ठेवून अडसराला टेकवावा. यंत्र सुरू करून पूर्ण वेग येऊ द्यावा. मग उजव्या हाताने ग्राइंडर हळूच उतरवावा आणि डाव्या हाताने, चकतीपासून किमान १५ सें.मी. दूर धरून, दांडा सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावा. जोर देऊ नये, चकतीला तिचे काम करू द्यावे. दांडा न फिरवता आरपार कापल्यास दुसऱ्या बाजूचे तंतू उसवतात.

सुरक्षिततेचे नियम असे. डोळ्यांना गॉगल आणि नाकातोंडाला एन-९५ प्रकारचा मुखपट्टा असावा. ओढणी, सैल बाही, गळ्यातील माळ जवळ नको. चकतीच्या सरळ रेषेत उभे राहू नये. कार्बनची धूळ फुप्फुसाला व त्वचेला त्रास देते, आणि ती विजेची वाहक असल्याने स्विचबोर्डात शिरल्यास शॉर्ट होऊ शकते. म्हणून काम उघड्यावर करावे, शक्य तर जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी चकतीजवळ लावावी आणि उरलेली धूळ ओल्या फडक्याने पुसावी. झाडूने उडवू नये. लहान मुलांना त्या वेळी जवळ थांबू देऊ नये.

कड सपाट करणे आणि तपासणी

कापलेली कड दांड्याला काटकोनात नसेल तर टोक तिरके बसते आणि बाण हवेत डगमगतो. यासाठी पन्हळीच्या एका तोंडाला काटकोनात सपाट ठोकळा लावून त्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवावा. कडेला मार्कर पेनाची शाई लावावी आणि दांडा कागदाला हलकेच टेकवून दोन-तीन फेरे फिरवावा. शाई सर्व बाजूंनी सारखी निघाली म्हणजे कड सपाट झाली. एका बाजूला राहिली तर आणखी फिरवावे. अॅल्युमिनियमच्या आतील कडेची धारही हलक्या हाताने मोडावी.

सरळपणा तपासण्याची जुनी रीत आजही खरी आहे. महाजनक जातकात बाण करणारा कारागीर एक डोळा मिटून दुसऱ्याने बाण न्याहाळतो, आणि धम्मपदातही बाण सरळ करणाऱ्या कारागिराचा दृष्टान्त आला आहे. बांबूचा बाण मंद आचेवर शेकून सरळ करताना आजही तसेच एका डोळ्याने पाहावे लागते. बांबूला कापताना पेराजवळ कापावे, तेथे तो फुटत नाही.

कार्बनच्या दांड्याची आणखी एक तपासणी टाळू नये. तो दोन्ही हातांनी धरून शरीरापासून दूर हलकेच वाकवावा आणि फिरवत चारही दिशांनी तसे करावे. कटकट आवाज आला किंवा चीर दिसली तर तो बाण मोडूनच टाकावा, म्हणजे चुकून कोणी उचलणार नाही. ही तपासणी मैदानावर कडक वस्तूवर आदळलेल्या प्रत्येक बाणाचीही करावी.

टोक चिकटवण्यापूर्वी आतील धूळ स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून वाळू द्यावी. गरम करून लावायचा गोंद असेल तर धातूचे टोक तापवावे, कार्बनचा दांडा ज्योतीजवळ नेऊ नये. उष्णतेने त्यातील राळ मऊ पडते.

एकदम बारा बाण कापू नका

आधी तीन बाण मापापेक्षा थोडे लांब कापावेत. दोन पिसांचे आणि एक बिनपिसांचा, असे ते प्रशिक्षकासमोर १५-२० मीटरवरून मारून पाहावेत. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण इतरांच्या उजवीकडे लागला तर दांडा लवचीक पडतो, डावीकडे लागला तर फार ताठ आहे. लवचीक असेल तर पाव-पाव इंच कापून पुन्हा मारावा, पण सुरक्षिततेची मर्यादा ओलांडू नये. आधीच ताठ असेल तर अजून कापणे व्यर्थ होय. माप ठरल्यावर अडसर तेथेच आवळून सर्व बाण एका बैठकीत कापावेत. संचातील बाणांत अर्ध्या मि.मी.पेक्षा जास्त फरक नसावा. ७० मीटरवरील निशाणात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सें.मी. व्यासाचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे एवढ्या काळजीचे कारण कळते.

शेवटी, साच्याजवळ एक वही ठेवावी. तीत खेळाडूचे नाव, तारीख, हाताचे माप, बाणाची लांबी, स्पाईन आणि कापणाऱ्याची सही असावी. प्रत्येक बाणावर खेळाडूची आद्याक्षरे लिहावीत, स्पर्धेतही ती लागतात. दर सहा महिन्यांनी वाढत्या मुलांचे माप पुन्हा घ्यावे. आखूड पडू लागलेले बाण लहान खेळाडूकडे द्यावेत, म्हणजे एक संच दोन-तीन मुलांना पुरतो. असा एक साचा एका वस्तीतील सर्व खेळाडूंना पुरेल. ज्या सभासदांच्या हातात कानस आणि गुण्या आहे, त्यांनी सुटीचा एक दिवस यासाठी द्यावा आणि मुलांना मापन शिकवावे, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.